शिवथर खोऱ्यातील मुरमाच्या वाटा

इतिहासाच्या व्याख्यानात राजे, लढाया आणि तह यांची वर्णने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत त्याला ना ताम्रपट आहे, ना शिलालेख. विषय आहे वाटांचा. आणि त्यांतही हमरस्त्यांचा नव्हे, तर ज्यांवरून मोटार जात नाही, एस. टी. जात नाही आणि आता बहुधा माणूसही जात नाही, अशा डोंगरवाटांचा. हा विषय मनात येण्यास कारण घडले ते सायकलीचे. ते कसे, हे पुढे सांगूच. परंतु आधी त्या मुलखाची ओळख करून घेऊ.

महाडपासून सुमारे ३० किलोमीटरवर, वरंध घाटाच्या कुशीत, शिवथरचे खोरे आहे. तिन्ही बाजूंनी सह्याद्रीचे कडे उभे आहेत. समोर कावळ्या किल्ला आणि वरंध घाटाची धार, पाठीशी घाटमाथा. खोऱ्यातील पाणी अखेरीस सावित्रीला मिळते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी येथील गावांची नावे. यांतील 'कसबे' हा शब्द दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कसबा म्हणजे पेठ असलेले, कारभाराचे गाव. आज जिथे चार दुकाने शोधावी लागतात, तिथे एके काळी बाजार भरत असला पाहिजे. आणि बाजार होता म्हणजे माल येत होता. माल येत होता म्हणजे वाटा वाहत्या होत्या. एका गावाच्या नावावरून एवढे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

सह्याद्रीच्या या भागातील वाटांचे तीन प्रकार मानता येतात. पहिली पायवाट. ती माणसाची, गुराख्याची, शेळीची. कड्याला चिकटून, कोठे दगडात खोदलेल्या खोबणींवरून सरळ चढते. दुसरी बैलवाट. पाठीवर गोणी लादलेला बैल सरळ चढू शकत नाही. म्हणून ही वाट नागमोडी, थोडी रुंद आणि जिथे ढासळेल तिथे दगडांनी रचलेली असते. तिसरी गाडीवाट. ती बहुधा खोऱ्याच्या तळाने किंवा माथ्यावरच्या सपाटीने जाते, घाट चढत नाही. आपला सगळा जुना घाटमार्ग या तीन कड्यांची साखळी होता: कोकणात गाडीवाट, घाटात बैलवाट, माथ्यावर पुन्हा गाडीवाट, आणि जोडीला जागोजागी पायवाटांच्या आडवाटा.

या वाटांच्या तळाशी जे असते त्याला आपण मुरूम म्हणतो. सह्याद्रीचा काळा पाषाण ऊनपाण्याने कुजतो, फुटतो, आणि त्याचा खडीसारखा भुगा होतो. तोच हा मुरूम. तो पाणी धरून ठेवत नाही, पायाखाली दबतो पण रुतत नाही. निसर्गाने केलेली ही सडकच म्हणावयाची.

आता इतिहासाकडे वळू. सतराव्या शतकाच्या मध्यास हा सारा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या सत्तेखाली होता. चंद्रराव ही त्यांची पदवी. आदिलशाहीचे ते मांडलिक असले, तरी विजापूरचा हुकूम जावळीच्या झाडीत शिरेपर्यंत बराच पातळ होत असे. मोऱ्यांचे बळ त्यांच्या फौजेत जेवढे होते, त्याहून अधिक ते घाटवाटांत होते. कोकणातील महाडची पेठ आणि घाटावरील वाईचा मुलूख यांमधल्या वाटा त्यांच्या हाती होत्या, आणि वाट ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी घेतली आणि पार घाटाच्या तोंडावर प्रतापगडाच्या बांधणीस हात घातला. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील सूत्र दिसते. जावळी हा वाटांचा जुडगा होता, आणि महाराजांनी तो किल्ल्यांच्या जुडग्यासारखा कमरेला बांधला.

पुढे तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला. त्या प्रसंगाचे नाट्य आपण सर्व जाणतो. पण त्या दिवशी खानाच्या भेटीइतकेच महत्त्वाचे काम वाटांनी केले, हे फारसे सांगितले जात नाही. मोकळ्या मैदानावर वावरणारे मोठे सैन्य जावळीच्या अरुंद वाटांत उतरले तेव्हाच त्याची अर्धी ताकद गेली. हत्ती, उंट, तोफा यांचा तिथे उपयोग नव्हता. आणि कोणती वाट कोठे निघते हे एका बाजूला ठाऊक होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची जी कोंडी झाली, तिचेही मर्म हेच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्याभोवतीची झाडी राखण्यावर आणि सुगम मार्ग अवघड करण्यावर जो भर दिला, तो या अनुभवातून आलेला आहे. वाट करणे हे जसे राज्यकारभाराचे काम, तसे वाट राखणे आणि प्रसंगी वाट मोडणे हेही.

पण लढाई वर्षातून एखादा दिवस, आणि व्यापार रोजचा. सावित्रीची भरती महाडपर्यंत चढते. म्हणून बाणकोटच्या मुखातून आत आलेला माल गलबताने महाडास उतरत असे. महाडजवळची गांधारपाले आणि कोल येथील बौद्ध लेणी पाहिली म्हणजे हा व्यापार किती पुरातन आहे याची कल्पना येते. कारण व्यापारी मार्गांच्या जवळ लेणी कोरण्याची प्रथा आपल्या सबंध पश्चिम घाटात दिसते. महाडाहून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि तांदूळ बैलांच्या पाठीवर घाट चढत. वरून धान्य, गूळ, मिरची उतरे. वंजाऱ्यांचे तांडे दिवाळीनंतर चालू लागत आणि आगोठीपूर्वी थांबत. बैलाच्या पाठीवरची ती मिठाची गोणी मावळातल्या चुलीपर्यंत पोहोचली नाही, तर मावळातली भाकरी अळणी राहिली असती. इतिहास इतका साधाही असतो.

याच खोऱ्यातील घळीत समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना केली अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून लोकांपुढे आणली. आज तेथे वाहने जातात. ही जागा समर्थांनी का निवडली असावी? धबधब्याच्या आड, निबिड रानात, एकान्त हवा म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते, आणि ते खरेच आहे. परंतु नकाशा समोर ठेवला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घळ आडबाजूला आहे, पण वाटेपासून दूर नाही. एका बाजूस महाड आणि रायगड, दुसऱ्या बाजूस घाट चढून मावळ. जगापासून लांब, पण जगाशी बोलता येईल इतकेच लांब, असे ते ठिकाण आहे.

मग या वाटा मोडल्या कशाने? शत्रूने नव्हे, चाकाने. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली. बैलाच्या पाठीवर दोन-अडीच मण, गाडीत त्याच्या कितीतरी पट, आणि आगगाडीत तर मोजदादच नाही. मुंबईचे बंदर आणि पुण्याची पेठ थेट जोडली गेल्यावर बाणकोट-महाडची पेठ मागे पडणे क्रमप्राप्त होते. पुढे वरंध आणि आंबेनळी घाटांतून सडका झाल्या. ज्या दोनचार घाटांत सडक झाली ते जगले. ज्यांत झाली नाही ते घाट स्थानिक माणसांच्या पायांवर तग धरून राहिले. गोप्या, उपांड्या, मढे ही नावे आज गिर्यारोहकांना ठाऊक आहेत, शाळेतल्या भूगोलाला नाहीत. त्यांतील मढे घाटाशी एक हृद्य परंपरा जोडलेली आहे. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह याच घाटाने खाली पोलादपूरकडील उमरठ्यास नेला, असे लोक सांगतात. तिला कागदाचा आधार किती, हा प्रश्न वेगळा. परंतु घाटाच्या नावातच लोकांनी ती आठवण जपली आहे.

आता सायकलीकडे येतो. १८१७ मध्ये जर्मनीत ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी यंत्र केले, ते पायांनी जमीन रेटून चालवावयाचे होते. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल बनविली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने तिला हवा भरलेला टायर दिला. या सगळ्या काळात डांबरी सडक अपवादात्मकच होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. सायकल जन्मली ती खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावर. १९२३ मध्ये मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि १९२८ मध्ये परत आले. त्यांच्या चाकांखाली जे गेले त्यात वाळवंट होते, चिखल होता, बर्फ होते. गुळगुळीत रस्ता थोडाच होता.

पुढे मोटार आली, रस्ते तिचे झाले, आणि सायकलस्वार कडेला रेटला गेला. तेव्हा काही लोक उलट दिशेने निघाले. १९५५ मध्ये इंग्लंडात 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी एकत्र आली. गाड्या नसलेल्या डोंगरी वाटांवर सायकल चालवावयाची, जिथे चालत नाही तिथे खांद्यावर घ्यावयाची, हा त्यांचा नेम. अलीकडे परदेशात जिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात, ती याच वृत्तीची नात होय. हलकी, पण टायर जरा रुंद. त्यात हवा थोडी कमी. चढासाठी दाते सोयीचे. तिला मराठीत मुरमाची सायकल म्हणावे, असे आम्ही सुचवितो. २०२२ मध्ये इटलीत अशा सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा झाली.

अशा एका सायकलीवरून आम्ही तिघे मित्र एका माघात शिवथरच्या बाजूस गेलो. प्रथमच सांगितले पाहिजे की, आमची कल्पना चुकीची होती. जुन्या घाटवाटेने सायकल चालवीत माथ्यावर जाऊ, असे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. खोऱ्याच्या तळाच्या गाडीवाटेवर ते सुखाचे वाटले. भाताची खाचरे कापून मोकळी झालेली, बांधाबांधाने मुरमाची पिवळसर वाट, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत. तासाभरात एकही मोटार नाही. बैलवाट लागली तिथे अर्धा चढ सायकल ढकलली. त्यापुढे जी पायवाट सुरू झाली, तिने मात्र सायकल आमच्या खांद्यावर चढविली. दोन हजार फुटांहून अधिक उंचीचा तो चढ आहे. बैलांनी शतकानुशतके जे केले ते चाकाला जमत नाही, हा धडा आम्ही पाठीवर वजन घेऊन शिकलो.

मध्येच वाट हरवली. करवंदीची जाळी माजली होती. तेव्हा एका धनगरवाड्यातील म्हातारबाबांनी आम्हांस हाक मारली.

"कुठं निघालात, पाव्हणं?"

"वर, भोरच्या अंगाला. ही वाट जाते ना, बाबा?"

"जात व्हती. आता वाटंवर माणूस नाय, मग वाट कशी जाईल?"

त्यांनी कोयता घेतला आणि फर्लांगभर पुढे चालून वाट मोकळी करून दिली. बोलता बोलता कळले की, त्यांची सून घाटावरची. लग्नाचे वऱ्हाड याच वाटेने उतरले होते. माहेर डोळ्यांसमोर, कड्याच्या वर. पण आता तिला माहेरी जावयाचे तर खाली उतरून, एस. टी. धरून, वरंध घाटाने सबंध वळसा घालून जावे लागते. आणि पावसाळ्यात तो घाट बंद असला म्हणजे तेही नाही. आम्ही त्यांना म्हणालो, तुमची वाट किती सुंदर आहे, गाडी नाही, धूर नाही. त्यावर ते बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी नाय म्हणून तर म्हातारीला डोलीत घालून न्यावी लागली."

त्या वाक्याने आमचा उत्साह जागच्या जागी उतरला. शहरातला माणूस जिला निवांत वाट म्हणतो, ती तिथल्या माणसाच्या लेखी कित्येकदा अडचण असते. मढे घाटाच्या बाजूने मोटाररस्ता व्हावा ही मागणी त्या भागात वर्षानुवर्षे आहे. आपण तिथे सुटीच्या दिवशी सायकल चालवितो म्हणून त्यांना रस्ता नको, असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? काहीही नाही. दवाखान्यास, शाळेस, बाजारास रस्ता हवा, तो झालाच पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा हेतू त्याच्या आड येण्याचा नाही.

मग जुनी वाट राखा असे का म्हणावयाचे? त्याचे पहिले कारण या तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर भागात दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही नावे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे डोंगर वाडीवर आला. ऐंशीहून अधिक जीव दगावले, आणि रस्ते पाण्याखाली व दरडींखाली गेल्यामुळे मदत पोहोचण्यास विलंब लागला. त्यानंतर वरंध घाटही पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागला. ज्या मुलखात एकच रस्ता आहे, त्या मुलखात तो तुटला की सारेच तुटते. जुन्या माणसांनी एकेका खोऱ्यास चारचार वाटा ठेवल्या होत्या, त्या हौसेने नव्हेत. एक ढासळली तर दुसरी असावी, एवढा हिशेब त्यात होता.

दुसरे कारण हक्काचे आहे. आपल्या गावनकाशांवर गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखविलेले असतात. ही रेषा म्हणजे लोकांच्या वहिवाटीची सरकारदरबारची नोंद. वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, कलम १४३ मध्ये, तहसीलदारास निर्णय देण्याचा अधिकार आहे. म्हणजे कायदा नाही असे नव्हे. परंतु वहिवाट या शब्दातच वाहणे आहे. वाट वाहिली नाही की जमीन विकत घेणारा परगावचा धनी तारेचे कुंपण घालतो, आणि कुणी तक्रार करीत नाही, कारण कुणी जातच नाही.

या ठिकाणी महाडचे नाव घेतल्यावर १९२७ ची आठवण टाळता येणार नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले, तेव्हा कागदावरच्या हक्कात प्राण आला. त्या मानवमुक्तीच्या लढ्याशी डोंगरवाटेची तुलना करणे हे धाडसच होईल, आणि ती आम्ही करीतही नाही. परंतु त्याच गावाने शिकविलेली गोष्ट सर्वत्र खरी आहे: सार्वजनिक म्हणून जे आहे, ते लोकांनी प्रत्यक्ष वापरल्यावाचून सार्वजनिक राहत नाही.

परदेशांत हे कसे झाले? इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन घातले, आणि १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलस्वारांस मुभा दिली. मात्र त्यांनी पादचाऱ्यास आणि घोडेस्वारास आधी वाट द्यावयाची, अशी अटही घातली. ही अट आम्हांस फार आवडते. इटलीत टस्कनी प्रांतातील पांढऱ्या मुरमाच्या रस्त्यांवर डांबर पडू लागले, तेव्हा १९९७ मध्ये गायोले नावाच्या लहान गावात काही मंडळींनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. तिचे नाव 'लेरोइका'. हे रस्ते राखले जावेत हा तिचा एक उघड हेतू होता. आज त्या फेरीस देशोदेशींचे लोक येतात, आणि तेथील मुरमाचा रस्ता हे त्या प्रांताचे भूषण ठरले आहे.

आमच्याकडे हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. आमचा पाऊस वेगळा, डोंगर वेगळा, गरज वेगळी. पण तीन गोष्टी आपणा शहरवासीयांच्या हातच्या आहेत. पहिली, गावनकाशावरची जुनी वाट आणि जमिनीवरची वाट ताडून पाहणे. हे काम शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी एका सुटीत करण्यासारखे आहे. दुसरी, पावसाळा टाळून, वाडीतील माणसास विचारून, त्यालाच वाटाड्या घेऊन आणि त्याचा मोबदला देऊन जाणे. तिसरी, जिथे सायकल चालेल तिथे चालविणे, जिथे चालणार नाही तिथे निमूटपणे उतरणे, आणि समोरून डोक्यावर मोळी घेऊन बाई आली तर बाजूस होऊन उभे राहणे. वाट आधी तिची आहे.

त्या दिवशी आम्ही माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतीस गेला होता. मागे वळून पाहिले. सबंध खोरे दिसत होते. कसब्याची कौले, खाचरांचे तुकडे, आणि त्यांमधून गेलेली आमची पिवळी वाट. धनगरबाबांनी कोयत्याने मोकळा केलेला फर्लांगभराचा पट्टाही ओळखू येत होता. पुढच्या पावसात तो पुन्हा बुजेल. तो बुजू द्यावयाचा नसेल, तर दर वर्षी कोणीतरी तिथून गेले पाहिजे. त्या कोणीतरींत आपल्यापैकी काही जण असावेत, एवढीच आमची विनंती आहे.